दहा हजारांत वडिलांसाठी टॅब घ्यावा का?

प्रश्न (अशोक चौक, सोलापूर)
अप्पांनी तीस वर्षं यंत्रमागावर टॉवेल विणले. त्या खडखडाटात कान अधू झाले. आता मोबाईलच्या एवढ्याशा पडद्यावर तेलुगू सिनेमे बघत डोळे ताणतात, मला बघवत नाही. नव्या पेठेत १० इंची टॅब पाहिला: ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा. पडदा झकास, पण वजन अर्धा किलो. घेऊ का?

उत्तर १
ताई, रॅमचं नंतर. आधी वाइडवाइन बघा, म्हणजे सिनेमांची चोरी रोखणारं टॅबमधलं डिजिटल कुलूप (डीआरएम). त्याची पातळी एल३ असेल तर बहुतेक ओटीटीवर चित्र ४८०पीच्या, म्हणजे कमी स्पष्टतेच्या, वर जात नाही, पडदा कितीही भारी असो. एल१ पाहिजे. मी न बघता घेतला, आईच्या मालिका वर्षभर धुरकट दिसल्या. अजून हळहळ वाटते. दुकानातच डीआरएमची माहिती दाखवणारं ॲप टाकून खात्री करा. युट्यूबला मात्र ही अडचण नाही.

उत्तर २
कान अधू आहेत ना, मग हेडफोनची पिन बसते का ते बघाच. ब्लूटूथवाले चार्ज करायचे राहून जातात. आणि आपल्याकडचा मे महिना! ४२ अंशात पत्र्याच्या खोलीत चार्जिंगला लावून सिनेमा बघू देऊ नका, बॅटरी लवकर खराब होते.

प्रश्नकर्ती
आज दुकानात तपासलं, एल३ निघाला. सोडून दिला. दुसरा ८.७ इंची आहे, एल१, पिनही बसते. हलका आहे, अप्पांना एका हातात धरता येईल. उद्या त्यांनाच घेऊन जाते.