लाज आहेच, पण तेवढंच नाही
लोक काय म्हणतील या धास्तीने माणसं मानसोपचारतज्ज्ञाकडे जात नाहीत, असं नेहमी म्हटलं जातं, ते खरंच. पण पुष्कळ जण मदत मागतात, फक्त भलत्याच दारात. माझ्या मावसभावाला रात्री अचानक धडधड, बोटांना मुंग्या, श्वास पुरेना, आता संपलंच असं वाटायचं. धावले हृदयविकारवाल्यांकडे. ईसीजी नॉर्मल, थायरॉईड नॉर्मल, 'तुम्हाला काही झालेलं नाही' म्हणून घरी. (तपासण्या हव्यातच, वाद नाही.) पण हा पॅनिक अटॅक, म्हणजे अचानक येणारा तीव्र भीतीचा झटका, असू शकतो, हे वाक्य फार उशिरा कानावर पडलं. तोवर घरच्यांनी 'नाटकं' ठरवून टाकलं होतं. असे झटके वारंवार येण्याचा आजार, म्हणजे पॅनिक डिसऑर्डर, अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेत १९८० पासून स्वतंत्र आजार म्हणून आहे, म्हणजे नवं फॅड नव्हे.

आणि गोळ्यांचं. अशा त्रासावर आणि नैराश्यावर देतात त्या एसएसआरआय गटातल्या औषधांचा गुण यायला काही आठवडे जातात, सुरुवातीला कधीकधी बेचैनी उलट वाढते. हे आधी कुणी बजावलं नाही की माणूस आठवड्यात गोळ्या सोडतो आणि 'जाऊन पाहिलं, काही उपयोग नाही' असं चारचौघांत सांगत सुटतो.