सकाळचं रुटीन: आधी तत्त्वं की आधी गजर?

पहाटवारा:
कोमट पाणी, सूर्यनमस्कार, डायरी, ध्यान... अशा याद्या सगळ्यांकडे असतात आणि आठवडाभरात बोंबलतात. माझं मत असं की यादी करायच्या आधी तीनचार तत्त्वं लिहून काढावीत. 'व्यायाम करणार' हे तत्त्व नाही, ते काम झालं. माझी सांगतो: चहा होईपर्यंत मोबाईल बघायचा नाही कारण दिवसाची सुरुवात दुसऱ्याच्या बातमीने करायची नाही, सकाळी घरात कुणावर खेकसायचं नाही, आणि जे टाळावंसं वाटतंय तेच आधी हातात घ्यायचं. उशिरा उठलो तरी हे पाळता येतं, बाकी वेळापत्रक गेलं उडत. अमेरिकेचा छापखानेवाला आणि पुढे मुत्सद्दी झालेल्या बेंजामिन फ्रँकलिनने 13 गुण लिहून काढले होते, दर आठवड्याला एका गुणावर जोर, म्हणजे वर्षात 4 फेऱ्या, चुकलं की वहीत काळा ठिपका. पहाटे 5 ला उठून आज काय चांगलं करू असं स्वतःला विचारायचा. काय वाटतं?

डोंबिवलीची_सून:
छान आहे हो, पण आमच्याकडे पाणी पहाटेच येतं आणि नंतर दोन डबे, मुलाची रिक्षा आणि सातच्या आत लोकल. यात तत्त्व कुठे बसवू, पिंपात? आणि ते फ्रँकलिन 5 ते 8 प्रार्थना, अभ्यास, नाश्ता करायचे ना, तो नाश्ता कोण करत होतं ते टाइमटेबलात दिसत नाही.

पहाटवारा:
ताई, नाश्ता म्हणजे दूध-पाव, तोही मातीच्या वाडग्यात, त्याने स्वतःच लिहिलंय :)

डोंबिवलीची_सून:
आणि त्याच्या दुकानात पत्रकं दुमडून शिवायला बायको होती, तेही त्यानेच लिहिलंय. बरं ते सोडा. खेकसायचं नाही हे तत्त्व ज्याला सकाळी फक्त स्वतःचं आवरायचंय त्याला सोपं, तिघांचं आवरणाऱ्या बाईने ते घेतलं तर तिला उलट गिल्ट येणार, म्हणजे कामं तेवढीच आणि वर ठिपका.

निशाचर:
मी नाईट शिफ्टवाला, माझी सकाळ दुपारी दोनला होते. त्यामुळे '5 ला उठा' वाल्यांपेक्षा पहाटवारा परवडला, तत्त्वाला घड्याळ लागत नाही. मोबाईलवाला नियम मी घेणार. चहाचा नाही, आमच्याकडे उठल्यावर थेट जेवण असतं.

कट्ट्यावरचा_काका:
असहमत. आपली तत्त्वं आपणच ठरवली की माणूस सोयीचीच निवडतो. साबरमती आश्रमात एकादश व्रतं होती, अहिंसा, सत्य वगैरे 11, रोजच्या प्रार्थनेत सगळे मिळून म्हणायचे. त्यात अस्वादही आहे, म्हणजे जिभेचे चोचले बंद. इथे कोण रविवारी सकाळी मिसळ समोर असताना ते स्वतःहून यादीत लिहील? चारचौघांत म्हटलं की चुकवायला लाज वाटते, एकट्याच्या वहीत ठिपका द्यायलाही तूच आणि पुसायलाही तूच.

पहाटवारा:
काका, आश्रमात जाणाऱ्याने ती व्रतं मान्य करूनच पाऊल टाकलेलं असायचं ना, म्हणजे निवड आलीच. आणि फ्रँकलिन काही सोयीचं निवडत नव्हता, सुव्यवस्था हा गुण त्याला सगळ्यात जड गेला आणि तो पुरता जमला नाही हे त्याने कबूल केलंय, तरी यादीत ठेवला.

कट्ट्यावरचा_काका:
ते ठीक, पण तुझ्या तिन्हीत तुला जड जाणारं कुठलं ते सांग की.

पहाटवारा:
खेकसायचं नाही हेच. गॅसवर दूध ठेवून कुणी आंघोळीला गेलं की संपलं.

डोंबिवलीची_सून:
मग दूध तुम्ही बघा ना! तत्त्वबित्त्व राहू दे, सकाळच्या एका कामाची पूर्ण जबाबदारी घ्या, कुणी आठवण करून न देता. आमच्या ह्यांनी पाणी भरायचं काम घेतलंय, तर माझं निम्मं खेकसणं गेलं. फक्त पिंपावर झाकण ठेवायला विसरतात.