‘सुला सोडली तर नाशिकला काही नाही’ म्हणणाऱ्यांसाठी

गोदाकाठ
परवा एकाने नाशिक सहलीचा वृत्तांत टाकला होता. शेवटचं वाक्य असं: ‘सुला सोडली तर नाशिकला वाइनसाठी काही नाही, बाकीच्या वायनऱ्या शोधण्यात वेळ घालवू नका.’ त्याखाली पुष्कळांनी ‘अगदी बरोबर’ लिहिलंय. मी जन्माने नाशिककर. दोन दिवस ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहितोय.

सुलाचं श्रेय कोणी काढून घेत नाही. नव्वदच्या दशकात गंगापूर धरणाकडच्या माळावर वाइनची द्राक्षं लावायची हिंमत त्यांनी केली, म्हणून आज आपण हे बोलतोय. पण वाइनचा मुलूख म्हणजे एक रस्ता नव्हे. गंगापूर-सावरगाव पश्चिमेला, दिंडोरी उत्तरेला, इगतपुरी-संजेगाव मुंबईच्या बाजूला आणि निफाड-विंचूर पूर्वेला. चार दिशा, चार तऱ्हेची माती. एका दिवसात एकच दिशा धरायची. सगळ्या करायला गेलात तर फक्त टोलनाके बघाल.

लहान वायनरी शोधायची माझी पद्धत साधी आहे. नाशिकच्या एखाद्या जुन्या दुकानात जायचं, ओळखीची नसलेली बाटली उचलायची आणि मागचं लेबल वाचायचं. तिथे उत्पादकाचा पत्ता असतो, गावासकट. मग फोन करायचा. दोन दिवस आधी, आणि शनिवार-रविवार टाळून. अशा ठिकाणी टेस्टिंगसाठी वेगळा माणूस ठेवलेला नसतो. जो वाइन करतो तोच ग्लास धुतो, तोच ओततो.

एकदा फेब्रुवारीत मी असाच गेलो होतो. काढणी चालू होती. मालकांनी टाकीच्या नळातून अर्धवट आंबलेली शेनिन ब्लाँ ही पांढरी वाइन काढून हातात दिली. गढूळ, कोमट, पेरूचा वास. म्हणाले, ‘आत्ता गोड लागतेय, पंधरा दिवसांनी या, ओळखणार नाही.’ मी पंधरा दिवसांनी परत गेलो. वाइन म्हणजे काय ते मला त्या दोन फेऱ्यांत कळलं.

सहकुटुंब_ठाणे
तो वृत्तांत माझा. तुम्ही सोबत कोणाला घेऊन गेला होता ते लिहिलं नाहीत. माझ्याबरोबर दोन मुलं आणि सत्तरीची आई होती. सुलाशिवाय चार नावं काढून निघालो होतो. पहिल्या ठिकाणी गेटला कुलूप. नकाशावर मात्र ‘उघडे’. दुसऱ्या ठिकाणी वॉचमन म्हणाला, साहेब मुंबईला गेलेत. तिसरी दोन वर्षांपूर्वीच बंद पडलेली. चौथीच्या वाटेवर आईला बाथरूमला जायचं होतं आणि पुढे-मागे सगळ्या बागाच. त्या दिवशी आई काही बोलली नाही, पण तिचा चेहरा मी विसरलेलो नाही.

आणि ‘लहान’ राहिलंय कोण? यॉर्क ही वायनरी 2021 मध्ये सुलानेच घेतली. चारोसा वायनरी ग्रोव्हर झांपा या मोठ्या कंपनीकडे गेली. जिथे स्वच्छ बाथरूम आहे, जेवायला मिळतं आणि दार उघडं असतं, तीच जागा मी लोकांना सांगणार. त्यात माझं काय चुकलं?

मालबेक_पुणे
चुकलं एवढंच, की तुम्ही फोन केला नाहीत. इगतपुरीजवळ कावनईच्या बाजूला व्हॅलोने ही वायनरी आहे, मुकणे धरणाच्या पाण्याकाठी. कळवून गेलात तर जेवण मिळतं, राहताही येतं. आईंना तिथून हलावंसं वाटलं नसतं. निफाडजवळ कुंदेवाडीला रेव्हेलो आहे. ग्रिल्लो आणि नेरो द’आव्होला ही सिसिलीची द्राक्षं आपल्या काळ्या मातीत त्यांनी लावली. तुमचं ‘काही नाही’ वाचून मलाही रागच आला होता.

घोटीकर
सगळे टेस्टिंगवर लिहिताहेत, गाडी कोण चालवतं ते कोणीच लिहीत नाही. चार ठिकाणी चार-चार घोट घेऊन लोक संध्याकाळी कसारा घाट उतरतात. माझ्या चुलतभावाला अशाच एका गाडीने उडवलं. तो मोटारसायकलवर, डाव्या कडेने चालला होता. पाय वाचला, पण अजून लंगडतो. गाडीतले म्हणाले, ‘आम्ही दारू प्यायलोच नाही, वाइन होती.’

मालबेक_पुणे
वाईट वाटलं. पण इथे विषय वायनऱ्यांचा आहे.

घोटीकर
माझाही तोच आहे, ताई. लांबची वायनरी म्हणजे लांबचा रस्ता. नाशिकहून ड्रायव्हरसकट गाडी घ्या, एवढी एक ओळ प्रत्येकाने लिहायला काय जातं?

गोदाकाठ
मान्य. माझ्या पोस्टमध्ये ते यायला हवं होतं.

निफाडची_लेक
बराच वेळ वाचतेय. लहान वायनरी म्हणजे सच्ची, प्रेमळ, मातीची, असं जे चाललंय ते मला सहन होत नाही.

2001 चं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, अबकारीत सूट मिळाली, विंचूरला आणि तिकडे सांगलीत पलूसला वाइन पार्क झाले. गावोगाव वायनऱ्यांची माणसं फिरू लागली. माझ्या वडिलांनी 2006 साली दोन एकरांवर शिराझ हे लाल वाइनचं द्राक्ष लावलं. सोसायटीचं कर्ज, अँगल, तार, ठिबक सगळं नव्याने. करार एका लहानच वायनरीशी होता. मालक घरी येऊन जेवून जायचे, वडिलांना ‘काका’ म्हणायचे. पहिल्या वर्षी पैसे वेळेवर आले, म्हणून वडील निर्धास्त होते. मग 2008 ची मंदी आली, त्यात मुंबईचा हल्ला, हॉटेलं रिकामी. पुढच्या हंगामात माल तयार झाला आणि गाडी आलीच नाही. फोन बंद.

टेबल द्राक्षं, म्हणजे खायची, असती तर पिंपळगावला नेली असती. शिराझचा मणी एवढासा, साल जाड, आत बिया. बाजारात कोण घेणार? बियांमुळे बेदाणाही होत नाही. घड वेलीवरच सुकले. आई सकाळी बागेत जायची आणि नुसती उभी राहायची. पुढच्या वर्षी वडिलांनी स्वतः कुऱ्हाड चालवली आणि थॉमसन ही बिनबियांची खायची द्राक्षं लावली. ज्या शेजाऱ्याचा करार मोठ्या कंपनीशी होता, त्याची बाग आजही उभी आहे.

गोदाकाठ
ताई, वाईट झालं. पण त्यात वायनरीवालेही बुडालेच ना? बँकांनी त्यांच्याही टाक्यांना सील ठोकलं. दोष धोरणाचा होता. वायनऱ्या उभ्या केल्या, पण पिणारा तयार केला नाही.

निफाडची_लेक
बुडाले ते कंपनीच्या नावावर बुडाले. आमचा सातबारा वडिलांच्या नावावर होता. हा फरक तुम्हाला दिसत नसेल तर माझ्याशी वाद घालू नका.

सहकुटुंब_ठाणे
मी तरी वेगळं काय म्हणत होतो? लहान म्हणून आपोआप चांगलं होत नाही.

निफाडची_लेक
माझ्या वडिलांना तुमच्या बाथरूमच्या तक्रारीला जोडू नका. लहान ठिकाणी जाऊ नका असं मी म्हटलेलं नाही. मी स्वतः जाते. आज जे टिकलेत त्यांतल्या काहींनी त्या वाईट वर्षांतही शेतकऱ्याचे पैसे थोडे-थोडे करून फेडले, हे मला माहीत आहे. गेलात की एक विचारा: द्राक्ष तुमचं की बाहेरचं, आणि बाहेरचं असेल तर पैसे किती दिवसांत देता? जो बागेचं आणि शेतकऱ्याचं नाव सांगतो त्याची बाटली घ्या. जो विषय बदलतो तिथून निघा.

गोदाकाठ
टाकी, पिंपं, कोणतं द्राक्ष, हे सगळं मी इतकी वर्षं विचारत आलो. हे कधीच विचारलं नाही. तुमचं पटतंय, पण मूळ वाक्य मात्र मी अजूनही चूकच मानतो.

सहकुटुंब_ठाणे
ठीक आहे. ‘काही नाही’ हे शब्द काढतो. ‘फोन न करता जाऊ नका’ असं लिहितो. त्यापुढे मी जाणार नाही, कारण कुलूप माझ्याच वाट्याला आलं होतं. समृद्धी महामार्ग झाल्यापासून ठाण्याहून इगतपुरी सोपी झालीये. फेब्रुवारीत एक दिवस व्हॅलोनेचा बघतो, आईला घेऊनच. निफाडची बाजू नंतर कधीतरी.

निफाडची_लेक
निफाडला आलात तर आधी इथे लिहा. आईंना घरी आणा, चहा-पाणी होईल, त्या टेकतील तासभर. वडिलांशी मात्र शिराझचा विषय काढू नका.

घोटीकर
गाडी कोण चालवणार, साहेब?

सहकुटुंब_ठाणे
ड्रायव्हर सांगतो. लिहिलं बघा.