पिधानयुतीसाठी लॅपटॉपचं घड्याळ ०.०५ सेकंदाच्या आत कसं ठेवायचं?

गच्ची_इंदूर: लघुग्रहाच्या पिधानयुतीचा (लघुग्रह ताऱ्याला क्षणभर झाकतो त्याचा) व्हिडिओ घ्यायचा आहे. ६ इंची दुर्बीण, यूएसबी कॅमेरा, विंडोज ११. घर राजवाड्यामागे, गच्चीवर फक्त मोबाइलचा हॉटस्पॉट. ‘सिंक नाऊ’ दाबूनही दोन तासांत घड्याळ पाव सेकंद मागे पडतं. जीपीएस घ्यावंच लागेल का?

क्वार्ट्झ: आधी एनटीपी (इंटरनेटवरच्या सर्व्हरशी घड्याळ जुळवायची पद्धत) नीट लावून पाहा. दोन तासांत पाव सेकंद म्हणजे ३५ पीपीएम (दहा लाखांत ३५ भाग), दिवसाला ३ सेकंद. लॅपटॉपमधला साधा क्वार्ट्झ स्फटिक असाच चालतो, गारठ्याने त्याचा वेगही बदलतो. विंडोजची वेळ जुळवणारी सेवा सर्व्हरला कित्येक तासांनी एकदा विचारते. ती बंद करून माइनबर्ग कंपनीचं एनटीपी सॉफ्टवेअर टाका. दोन्ही चालू राहिली तर घड्याळाची ओढाताण होते. भारताच्या पूलमधले (वेळ देणाऱ्या सार्वजनिक सर्व्हरच्या गटातले) किमान चार सर्व्हर द्या, म्हणजे चुकणारा एखादा बाजूला पडतो. लॅपटॉप दोन तास आधीच गच्चीवर सुरू करा, स्लीप बंद.

सुदामानगर: हॉटस्पॉटची खोड लक्षात घ्या. जायला आणि यायला सारखाच वेळ लागतो, असं एनटीपी धरून चालतं. जाताना ८० आणि येताना ३० मिलिसेकंद लागले तर २५ मिलिसेकंदांची चूक राहते, आणि ऑफसेटच्या (सर्व्हरशी दिसणाऱ्या फरकाच्या) आकड्यात ती दिसतच नाही. म्हणून डिलेचा (जाऊन-येऊन लागणाऱ्या एकूण वेळेचा) स्तंभ बघा: चूक फार तर त्याच्या निम्मी.

जीपीएस घ्याल तर पीपीएसची (दर सेकंदाच्या सुरुवातीला येणाऱ्या विद्युत ठोक्याची) पिन असलेलंच घ्या. नुसत्या यूएसबीवरून येणारा एनएमईएचा (जीपीएस वेळ-स्थान ज्या रूपात पाठवतं त्याचा) मजकूर शेकडो मिलिसेकंद उशिरा पोचतो, तोही कधी कमी, कधी जास्त. सेकंद कोणता ते मजकुरातून कळतं, तो नेमका कधी सुरू झाला ते पीपीएसमधून. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर क्रोनी हे एनटीपी सॉफ्टवेअर चालवा, पीपीएस त्याच्या जीपीआयओ १८ या पिनला द्या, लॅपटॉप इथरनेटच्या वायरीने जोडा. घड्याळ मिलिसेकंदाच्या आत राहतं. अँटेना कठड्याच्या आडोशाला नको. सुरू केल्यावर १५ मिनिटं थांबा: लीप सेकंदांची (यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत अधूनमधून वाढवलेल्या सेकंदांची) माहिती उपग्रहाकडून साडेबारा मिनिटांतून एकदाच येते, आणि तोवर मॉड्यूलची वेळ पूर्ण सेकंदांनी चुकलेली असू शकते.

ध्रुव: घड्याळ बरोबर असलं तरी फ्रेमची वेळ बरोबर असेलच असं नाही, आणि बहुतेक निरीक्षणं इथेच बिघडतात. सॉफ्टवेअर वेळेचा शिक्का मारतं तो फ्रेम लॅपटॉपवर पोचल्यावर. पीपीएसवर ट्रान्झिस्टरमार्फत एलईडी लावा, दुर्बिणीच्या तोंडाशी धरा आणि युतीच्याच एक्स्पोजरवर, त्याच फ्रेम-आकारात मिनिटभर रेकॉर्ड करा. एलईडी पेटल्याची फ्रेम पूर्ण सेकंदापासून जितकी सरकलेली दिसेल, तेवढी दुरुस्ती. आकार किंवा यूएसबीचा वेग बदलला की पुन्हा मोजा. रोलिंग शटर (फ्रेम ओळीओळीने टिपणारा कॅमेरा) असेल तर एलईडीच्या फ्रेममध्ये ताऱ्याची ओळ बघा, वरची नव्हे.

रेकॉर्डिंग एसईआर या व्हिडिओ-फाइल प्रकारामध्येच, साध्या एव्हीआयमध्ये प्रत्येक फ्रेमची वेळ राहत नाही. अहवाल यूटीसीत: पहाटे साडेपाचच्या आधीची युती असेल तर तारीख आदल्या दिवसाची.