मदत हवी आहे: स्पाइक रोगातून वाचलेल्या चंदनाची रोपं कशी करावीत?

अक्कलकोट तालुक्यात आमच्या मुरमाड बांधावरची देशी चंदनं एकेक करून वाळतायत. पानं बारीक, ताठ, झुपक्यात, स्पाइकच वाटतो, म्हणजे फायटोप्लाझ्मा या जीवाणूसारख्या सूक्ष्म जंतूमुळे होणारा चंदनाचा रोग. चंदन शेजारच्या झाडांच्या मुळांतून अन्नपाणी घेतं; त्यासाठी यजमान म्हणून कडुनिंब आणि तूर आहे, ठिबकही आहे, त्यामुळे उपासमार नसावी. रोगट झाडं मुळासकट काढली. टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाने लक्षणं तात्पुरती दबतात, म्हणून तो मार्ग नको.

मधोमध एक जुनं झाड मात्र ठणठणीत आहे. त्याच्यापासूनच माळावर पुन्हा चंदन उभं करायचंय. पण चंदनात परपरागीभवन जास्त, बियांत तो गुण उतरेलच असं नाही. मग मुळांवरचे फुटवे घ्यावेत की कलम? आणि फायटोप्लाझ्मा लक्षणांविना आत दडलेला नाही ना, हे पीसीआरने (जंतूचा डीएनए शोधणाऱ्या चाचणीने) तपासायला कोणता भाग, कोणत्या ऋतूत द्यावा?