लर्नेड हँड १९५० मध्ये आपल्याच १९१७च्या निकालापासून मागे हटले का?

धागाकर्ता

लर्नेड हँड (१८७२–१९६१) अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात कधीच गेले नाहीत, तरीही त्या देशाच्या थोर न्यायाधीशांत त्यांची गणना होते. मला मात्र त्यांची दोन निकालपत्रे शेजारी ठेवून वाचली की अस्वस्थ वाटते. १९१७ मध्ये ते न्यूयॉर्कच्या संघीय जिल्हा न्यायालयात असताना ‘द मासेस’ या युद्धविरोधी मासिकाचा ऑगस्टचा अंक टपालाने पाठवण्यास पोस्टमास्तरांनी नकार दिला. त्यातल्या एका व्यंगचित्रात तोफेच्या तोंडाशी एक उघडा तरुण बांधलेला होता आणि चाकाला ‘लोकशाही’ असे नाव दिलेली स्त्री जखडलेली होती. देशात युद्धज्वर चढलेला असतानाही, कायदा मोडण्याची थेट चिथावणी नसेल तर केवळ कडवट टीकेसाठी अंक अडवता येणार नाही, असे सांगून हँड यांनी मासिकाच्या बाजूने मनाई हुकूम दिला. पुढे सेकंड सर्किट या अपील न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाल्यावर, १९५० मध्ये त्यांनीच, सरकार बळाने उलथवण्याचा प्रचार गुन्हा ठरवणाऱ्या कायद्याखाली झालेली कम्युनिस्ट पक्षाच्या ११ नेत्यांची दोषसिद्धी कायम केली. संकट पुरेसे भीषण असेल, तर ते ओढवण्याची शक्यता थोडी असली तरी भाषणावर बंधन घालता येते, असा त्या निकालातील सूत्राचा अर्थ निघतो. ही माघारच आहे.

प्रतिसाद १

असहमत. मासेसचा निकाल त्याच वर्षी अपिलात फिरवला गेला आणि १९१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भाषणावर बंधन घालण्यासाठी ‘स्पष्ट आणि तात्कालिक धोका’ हवा, ही वेगळी कसोटी स्वीकारली. अपील न्यायाधीशाला ती बंधनकारकच होती. शिवाय त्याच १९५० च्या डिसेंबरमधला ज्युडिथ कोप्लॉन हिचा खटला आपण विसरता. न्याय खात्यातील या कर्मचारी स्त्रीवर सोव्हिएत हेरगिरीचा आरोप होता. तिचा अपराध उघड दिसतो, असे लिहूनही, वॉरंटशिवाय झालेली अटक आणि फोनवर चोरून ऐकलेली संभाषणे यांमुळे हँड यांनी तिची दोषसिद्धी रद्द केली. भीतीपोटी वाकणारा माणूस असे करत नाही.

धागाकर्ता

कोप्लॉनचा मुद्दा मान्य आहे, आणि तो मी मूळ लेखनात घ्यायला हवा होता. पण बंधनाचा युक्तिवाद मला पटत नाही. धोका तात्कालिक असावा ही अट शक्यतेच्या हिशेबात विरघळवा, असे वरच्या न्यायालयाने त्यांना सांगितले नव्हते. ते सूत्र हँड यांचे स्वतःचे होते आणि १९५१ मध्ये सरन्यायाधीश व्हिन्सन यांनी ते त्यांच्याकडूनच उचलले.

प्रतिसाद २

मासेसच्या निकालाची किंमतही पाहावी. सेकंड सर्किटवरची रिकामी जागा १९१८ मध्ये मार्टिन मॅन्टन यांना मिळाली. त्या निकालामुळेच हँड यांची बढती हुकली, असे मानले जाते. मॅन्टन यांच्यावर लाचखोरीचा खटला होऊन १९३९ मध्ये ते दोषी ठरले, तर हँड यांना अपील न्यायालयात पोहोचायला १९२४ साल उजाडले. ज्याने पंचेचाळिशीत एवढे गमावले, त्याने ७८ व्या वर्षी, गमावण्यासारखे काही उरले नसताना, भीतीने निकाल दिला असे मी म्हणणार नाही. निवडून आलेल्या कायदेमंडळाचा निर्णय न्यायाधीशाने सहसा उलथवू नये, यावर त्यांचा मनापासून विश्वास होता, आणि माझ्या मते कम्युनिस्ट नेत्यांच्या खटल्यात त्यांची चूक झाली ती याच विश्वासापायी.