शॉकअप ऑइल किती भरायचं? मदत हवी आहे

गाडी १५० सीसीची, कार्बोरेटरवाली; पुढे साधे टेलिस्कोपिक (पाइपात पाइप सरकणारे) शॉकअप. अंबाजोगाई-केज पट्ट्यात रोजचं फिरणं. ब्रेक दाबला की पुढचा भाग एकदम खाली बसतो आणि गतिरोधकावर खाडकन आवाज येतो. सील ठीक आहेत, पाइपावर बोट फिरवलं तर तेल लागत नाही, नुसती धूळ. पाइप सरळ आहेत, बॉल रेसरही (हँडलचे बेअरिंग) बघून घेतले.

खालचे ड्रेन बोल्ट काढून, हँडल दाबून दाबून जुनं तेल काढलं. डाव्यातून १५५ मिली, उजव्यातून १३०. काळपट, पाण्यासारखं पातळ, तळाला चंदेरी गाळ. मॅन्युअलमध्ये १७० मिली लिहिलंय, पण ते शॉकअप पूर्ण खोलून साफ केल्यावरचं माप. मी खोललेले नाहीत, म्हणजे थोडं जुनं तेल आत असणारच. सरळ १७० ओतलं तर आत हवेला जागा कमी पडून, दाब वाढून सील फुटायचे. स्प्रिंग काढून, पाइप पूर्ण दाबून वरच्या काठापासून तेलाची लेव्हल पट्टीने मोजायची पद्धत माहीत आहे, पण तो मिलीमीटरचा आकडा मॅन्युअलमध्ये नाही.

इथले मिस्त्री अंदाजाने इंजिन ऑइल ओततात, ते मला करायचं नाही. मॅन्युअलप्रमाणे १०डब्ल्यू (तेलाच्या जाडपणाचा ग्रेड) फोर्क ऑइल, म्हणजे शॉकअपचं तेल, आणलंय. पूर्ण खोलायला लागणारी अवजारं माझ्याकडे नाहीत.

तर न खोलता भरताना १७० मधून किती कमी करायचं? की दोन्ही बाजूंची लेव्हल पट्टीने सारखी केली तरी चालेल, आणि मग काठापासून किती अंतर ठेवू?